बिल्किसचा प्रोग्राम आणि माळ्यावरचे पाट

तर काल कुठवर आलो होतो? हां, हरतालिकेच्या सकाळी पेणला हैबतरावांच्या गणपती-कारखान्यापुढे आमचा टेम्पो रांगेत अडकला, तो पुढे सरकेचना.

रीत तुम्हाला ठाऊक आहे. घरचा पाट नाव-गाव लिहून आधीच कारखान्यात द्यायचा. न्यायच्या दिवशी त्याच पाटावर मूर्ती बसवून मिळते. कुणाचा पाट माळ्यावरच्या कुठल्या खणात, हे आता कॉम्प्युटर सांगतो. वर्षानुवर्षं हे काम काळ्या पडद्याचा एक जुना डबा करायचा. यंदा बिल्किसने त्याचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर उतरवला.

बिल्किस म्हणजे अष्टमी गावच्या मन्सूर टेलरची मुलगी. शाळेत असताना तिने बापाचं बंद पडलेलं शिलाई मशीन खोलून जोडलं. दोन स्क्रू उरले, पण मशीन आजही चालतंय. कारखान्याचं काम हे तिचं स्वतःचं पहिलं.

मी गल्ल्यापाशी गेलो तर हैबतराव तापलेले. "एका पाटाला एवढा वेळ? गो बिल्किस, दुपारपर्यंत नीट नाय झालं तर जुना डबा लावतो, आणि तुझं काम बंद."

"काका, घरी पळत होता हो."

"तुझ्या घरी माझं गिऱ्हाईक नाय ना येत."

मी विचारलं, "घरी किती पाटांची नावं घालून पाहिलेस गो?"

"आमच्या गल्लीतले, आजोबा. शेजाऱ्यांचे चार. आणि इथे तर माळाभर," ती म्हणाली आणि स्वतःच कपाळावर हात मारून बसली. पडद्यावरची यादी वरखाली केली आणि हसायलाच लागली.

"काका, जुना एकेक नाव पहिल्यापासून वाचत जायचा. यादी त्याच्याच पोटात, म्हणून ते खपायचं. आता यादी लांबच्या कॉम्प्युटरवर ठेवलीय, रामवाडीच्या गोदामातूनही दिसावी म्हणून. मी सवय मात्र जुनीच ठेवली. समजा काळूदादांनी माळ्यावरचा प्रत्येक पाट खाली आणून नाव वाचलं, जुळलं नाय म्हणून परत वर ठेवला, तर?"

माळ्यावरून पाट काढून देणारा काळुराम ओरडला, "तर मी गोकुळाष्टमीलाच नोकरी सोडली असती."

मग ती खाली मान घालून बसली. यादी एकदाच मागवून गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवायची, अधूनमधून ताजी करायची, आणि नाव घातलं की थेट त्याच नावापाशी जायचं, असं काहीतरी केलंन. लोक तोवर वडापाव खात हैबतरावांचा उद्धार करत होते. ऊन माथ्यावर यायच्या आत आमचा नंबर लागला, माझ्याबरोबर आलेल्या आमच्या सरूने नाव सांगितलं. तिचं आडनाव पुरं होण्याआधी खण दिसला. काळुराम पाट घेऊन उतरला तो कुरकुरतच, आता म्हणे त्यालाच धाप लागते.

रांग हलली. हैबतरावांनी जुन्या डब्यावरचं फडकं उचललं, पुन्हा टाकलं.

"मग गो, याला आता भंगारात देऊ ना?"

बिल्किसने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "नको काका, म्हाताऱ्यांना असं घराबाहेर काढतात काय? पुढच्या वर्षी माझं अडलं, तर विचारू कुणाला?"