लाल झालेला रिकामा खण

आमच्या घरी कुठलाही कागद आला की तो माझ्यासाठी बाजूला ठेवतात. बँकेचा, दवाखान्याचा, ग्रामपंचायतीचा. मी दहावी झाले तेव्हापासूनची ही रीत आहे. मी वाचून सांगायचं आणि मग घरानं ठरवायचं. औशाजवळच्या आमच्या गावी, आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी जे सांगते ते बरोबर आहे का, हे तपासायला दुसरं कुणी नसतं. यात काही धोका असेल असं मला बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

नांदेडला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझा प्रकल्प स्टेम सेलवर होता. काढून टाकलेल्या अक्कलदाढेच्या आतल्या गरात या पेशी सापडतात. त्यांचं अजून काय व्हायचं ते ठरलेलं नसतं. हाड व्हायचं की चरबी, हे त्यांच्या भोवती काय आहे यावरही अवलंबून असतं. आम्ही त्यांना अंड्याच्या टरफलापासून केलेली कॅल्शियमची अतिशय बारीक पूड द्यायचो. त्या पुडीचा एकेक कण आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही, म्हणून तिला नॅनो म्हणायचं. ती मिळाल्यावर पेशी हाडाच्या वाटेला लागतात का, एवढं मला बघायचं होतं.

सहा खणांची प्लॅस्टिकची प्लेट घेतली. तीन खणांत नुसत्या पेशी, तीन खणांत पेशी आणि पूड. तीन आठवड्यांनी कॅल्शियमला धरून बसणारा एक लाल रंग टाकला आणि धुतला. नुसत्या पेशींचे खण फिके राहिले. पुडीचे तिन्ही लालभडक झाले. माझ्या प्रकल्पाच्या सरांनी स्वतः फोटो काढला. मीही काढला आणि घरी पाठवला. मायला फोनवर सांगितलं, "पेशींचं हाड होऊन राहिलंय बघ."

दिवाळीला घरी गेले तेव्हा मायनं डब्यातून दोन कागद काढून पुढ्यात ठेवले. खुरपणीला बसून बसून तिचे दोन्ही गुडघे गेलेले. सरकारी दवाखान्यात सांधा बदलायला सांगितलं होतं, तारीखही मिळाली होती. पहिला कागद त्या तारखेचा. दुसरा लातूरच्या एका खाजगी सेंटरचा. त्यात लिहिलं होतं की नॅनो स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं की ऑपरेशन लागत नाही, झिजलेलं पुन्हा भरून येतं. माय म्हणाली, आता ऑपरेशनची तारीख सोडून द्यायची. तिनं गल्लीतल्या बायांनाही सांगून टाकलं होतं, की माझ्या पोरीनं हाड होताना डोळ्यानं बघितलंय.

सेंटरच्या कागदावर एका प्लेटचा फोटो होता. लाल खण. अगदी माझ्या प्लेटमधल्यासारखे.

मला आधी त्या सेंटरचा संशय आला. हे खण कुणाचे, त्यात खरंच पेशी होत्या का, की नुसतीच पूड? हा प्रश्न मनात आला आणि मी जेवता जेवता थांबले. माझ्या प्लेटमध्ये तरी नुसत्या पुडीचा खण कुठे होता? पूड कॅल्शियमची. रंग कॅल्शियमला धरणारा. मग लाल नेमकं काय झालं होतं, पेशी की पूड?

मी मायला एवढंच म्हणाले, चार दिवस थांब, कुठंच सही करू नको. तिला ते आवडलं नाही.

नांदेडला परत आल्या आल्या एका रिकाम्या खणात पूड टाकली. पेशी नाहीत, काही नाही. तितक्याच वेळा धुतली, तितकाच वेळ रंग ठेवला. दुपारी बघितलं तर खण लाल. पेशी आणि पूड असलेल्या लाल खणाशेजारी ठेवला तर कुठला कुठला ते ओळखू येईना.

शेजारच्या टेबलावर पीएच.डी. करणारी ताई होती. ती म्हणाली, आम्ही सगळे असंच करत आलो, नुसती पूड कोण लावत बसणार. मग हळूच म्हणाली, "सरांना सांगणार आहेस का गं?" याच लाल रंगाच्या आधारावरचा तिचा लेख जवळजवळ लिहून झाला होता. मला तिच्या प्रश्नाचाही संशय आला, आणि आला याची लाजही वाटली.

सरांना सांगितलं. त्यांनी प्लेट उजेडात धरली. मग म्हणाले, पेशी हाडाकडे जात असतीलही, पण या रंगावरून आपल्याला ते म्हणता येणार नाही. दुसरी तपासणी करावी लागेल.

मायला सांगणं जास्त अवघड होतं. फोनवर न सांगता शनिवारी गावी गेले.

"म्हंजे तू खोटं बोललीस," ती म्हणाली.

"खोटं न्हाई माय. मला कळलं नव्हतं."

"मग आता तुला कळलंय, हे कशावरून?"

मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, रिकाम्या खणासकट. ती ऐकत गुडघा चोळत होती. म्हणाली, चल, त्या लातूरवाल्याकडं जाऊ, मला त्याला इचारायचंय.

सेंटरमधला माणूस गोड बोलला. ताई, मावशी करत त्यानं फोटो दाखवले. मायनं त्याला मध्येच थांबवलं. "दादा, ह्या इंजेक्शनात काहीच न टाकता कुणाला टोचून बघितलं का तुमी? नुसत्या सुईनं?" त्यानं माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला की मावशी, हे सगळं शास्त्र आहे, तुम्हाला नाही समजायचं. माय उठली. जिना उतरायला तिला लई वेळ लागला, पण माझा हात तिनं धरला नाही.

तिथून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथंही तिनं तसंच विचारलं, की ऑपरेशन केलंच न्हाई तर काय होईल. डॉक्टर घाईत होते, तरी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, जिवाला काही होणार नाही, चालणं कमी कमी होत जाईल, केलं तरी दोन-तीन महिने त्रास आहेच. मायनं दोनदा मान हलवली. मग तारखेसोबतचा संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "वाच. सगळं वाच. बारीक अक्षरातलंबी."

मी वाचत गेले. प्रत्येक ओळीला ती विचारत होती, हे खरं कशावरून. जिथं मला माहीत नव्हतं तिथं मी माहीत नाही म्हणाले. असं चारदा झालं. त्या चारही गोष्टी तिनं डॉक्टरांना विचारल्या आणि मग अंगठा न लावता, हळूहळू अक्षरं जोडत, सही केली.