गडावरचा उघडा पहारेकरी

“त्या उघड्याला आधी गडावरून उतरव,” ताई अंगणात ओरडत होती. आमचा दिवाळीचा किल्ला नुकताच लिंपून झाला होता आणि महादरवाजावर मी माझा प्लास्टिकचा योद्धा उभा केला होता. कमरेला केसाळ लंगोट, हातात तलवार, आणि छाती एवढी रुंद की दोन मातीचे मावळे तिच्यावर ऐसपैस वामकुक्षी घेतील. दर रविवारी टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये तो अख्खं विश्व वाचवायचा. उरलेला आठवडा माझ्या कंपासपेटीवर आणि कॉमिकच्या पानापानावर तेच काम करायचा. अशा माणसाला आमच्या गडावर साधी पहाऱ्याची नोकरी मिळू नये, या दुःखाने मी इतका रडलो की खंदक काठोकाठ भरला. आता वाटतं, लांबून आलेल्या वीरांना शेवटी कुणाचं तरी अंगणच हवं असतं. विश्व काय, ते दर रविवारी वाचतंच.

“बाबा, मावळ्यांत हा शोभतो का, तुम्हीच सांगा,” ताई म्हणाली.

बाबा किल्ल्यावर मोहरी पेरत होते. “राहू दे. मावळ्यांची डोकी दरवर्षी मांजर पाडतं. ह्याचं पडणार नाही.”