गाऱ्हाण्याची चार मिनिटं

मालवणात माझं लग्नाच्या कॅसेटींचं दुकान होतं. बाईमाणसाला हे जमायचं नाही, असं म्हणणारे पुष्कळ होते. पुढे त्यांच्याच मुलींच्या लग्नातल्या त्यांच्या जांभया मी कापून काढल्या.

साल असेल दोन हजार चार किंवा पाच. किनाऱ्यावर बायका मासे सुकवायच्या, त्या वाळूवर हॉटेल येऊ घातलं होतं. तारेचं कुंपण सुरू झालं होतं. बायकांचं म्हणणं टेपवर घेऊन ओरोसला जिल्हा कचेरीतल्या बैठकीत दाखवायचं काम मुंबईच्या एका संस्थेने मला दिलं.

पहिलीच बाई म्हणजे साठीची एक काकी. कॅमेरा सुरू केला तर म्हणाली, "आधी गाऱ्हाणा घालूक व्हया."

कुठलंही काम काढायचं तर आमच्याकडे देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतात आणि भोवतालचे दर वाक्याला होकार भरतात. पण घालणारा पुरुष. तिच्या दिराने टोकलंच, "बायलमाणसान घालूचा नसता."

"मगे जागा कोणाची जाता? तुजी?" म्हणून तिने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माज्या सासून जंय म्हावरा सुकयल्यान, थंय आता तार मारतत. मोजूक इले, माका इचारूक नाय. तेंका बरी बुद्धी दी. नाय घेतल्यानी, तर तेंचा वाटोळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. माझा आवाज सगळ्यात मोठा, कारण माईक माझ्याच हातात.

मग मुंबईहून आलेल्या संस्थेच्या साहेबांनी प्रश्न विचारले. काकीने पदर सावरला आणि कचेरीत बोलतात ती मराठी काढली. "काही त्रास नाही साहेब. आपली कृपा आहे." वीस मिनिटं नुसती कृपाच कृपा. मला तिचा रागही आला आणि कीवही.

कुठला भाग ठेवायचा हे मुंबईत बसून ठरवता यावं म्हणून साहेबांना पडद्यावर टाइमकोड हवा होता. म्हणजे चित्राखाली तास, मिनिटं, सेकंद सतत पळताना दिसतात. मी तो मूळ, न कापलेल्या चित्रणावरच टाकला. भारनियमन सांभाळत दोन दिवस कॉम्प्युटर चालवला आणि सीडी धाडली. उलट टपाली कागद आला. पहिलीच ओळ: "शून्य ते चार मिनिटं बारा सेकंद, प्रार्थना, काढणे."

माझं डोकंच फिरलं. फोन लावला. "साहेब, ती प्रार्थना नाही. ती जे काही खरं बोलली ते तेवढंच."

"अहो, शिव्याशाप आहेत त्यात. ती भाषा अधिकाऱ्यांना कळायची नाही."

"कापलं तर आकडे चार-बारापासून सुरू होतील. बघणाऱ्याला दिसेल."

"मग आधी कापा आणि टाइमकोड नंतर शून्यापासून टाका. कोणाला कळतंय?"

त्यांना हे माहीत होतं, म्हणजे ते पहिल्यांदाच करत नव्हते. मी सांगून टाकलं, "जमणार नाही. दुसरीकडे करून घ्या." बैठक परवावर आलेली, टेपा माझ्या कपाटात, तेव्हा दाखवणार ते मीच. साहेब मला उद्धट म्हणाले. असेन. त्यांनी पुन्हा कधी काम दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

मधे कापलं की आकडे उडी मारतात, एवढं मी काकीला आधी समजावून ठेवलं होतं. बैठकीत मी तिचं गाऱ्हाणं आकड्यांसकट लावलं. संपल्यावर हॉटेलवाल्यांचा माणूस उठला. "हे तोडून जोडलेलं आहे. बाई असंच बोलली कशावरून?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागच्या रांगेतून काकी उभी राहिली. समोर बडे अधिकारी बसलेले. मला वाटलं, आता पदर सावरणार आणि कृपा काढणार.

"परत लाय गो चेडवा," ती मला म्हणाली. मग त्या माणसाकडे वळली. "आणि तू आकडे वाच रे झिला. मोठ्यान वाच. खंय उडी मारल्यानी ता माका दाखय."

मी फिल्म पुन्हा शून्यावरून लावली. दहा सेकंदांपर्यंत त्याने खरोखर वाचलं. मग खाली बसला. काकी मात्र चार मिनिटं बारा सेकंद होईपर्यंत उभीच राहिली.