दोनशे की पाचशे

मळीचा आंबूस वास आला, की नगरकडच्या एका साखर कारखान्यातली ती दुपार आठवते. वजनकाट्याच्या नोंदी ज्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर, व्हायच्या, तिची डिस्क भरत आली होती. मशीन बंद केली तर काटा बंद, आणि उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार फाटकाबाहेर गेलेली. म्हणून चालू मशीनलाच मी नवी डिस्क जोडली. मशीनवरच्या लिनक्स प्रणालीला ती दिसली; आता फक्त फॉरमॅट करायची, म्हणजे पुसून वापरायला तयार करायची होती. पण जुन्या डिस्कवर अख्ख्या हंगामाची वजनं होती. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला. मागे काट्यावरचे म्हातारे कारकून उभे होते. गाडीचा नंबर मोठ्यानं वाचल्याशिवाय ते कधीच वजन घेत नसत. म्हणाले, "ताई, बटन दाबायच्या आदी मोठ्यानं वाचा. आमी तसंच करतो." मी वैतागून वाचलं, "दोनशे जीबीची डिस्क पुसायची का?" आणि बोट मागे घेतलं. नवी डिस्क पाचशेची होती; दोनशेची ती जुनी. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हणाले आणि 'रद्द' दाबलं. त्यांना खरं मी अजून सांगितलेलं नाही. पण आजही, खोलीत एकटी असले तरी, मी मोठ्यानं वाचते. आणि आकडा बरोबर निघाला तरी बोट लगेच खाली जात नाही.