माझ्या मुलीच्या छातीचा फोटो

माझ्या मुलीला सोळाव्या वर्षी क्षय झाला. औषधं पूर्ण घेतली, बरी झाली. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरनं तिच्या छातीचे फोटो काढले होते. शेवटचा फोटो मी घरी न्यायला मागितला, तर म्हणाला, "तुमच्या घरी खराब होईल बाई. इथं सांभाळून ठेवू." मी ठेवू दिला.

पुढं सक्करदऱ्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. मी त्याच्या आईबापाला समोर बसवून आजाराचं सगळं सांगितलं. झाकून मुलगी देणं मला जमत नाही. ते म्हणाले, बरी झाली ना, मग झालं. फक्त आमच्या भाऊबंदांत बोलू नका. लग्न ठरलं.

मग ते मोठं ग्रहण आलं. म्हातारी माणसं दारं लावून बसली, बाकी सगळे गच्चीवर. तेव्हा एक्स-रेची काळी फिल्म डोळ्यासमोर धरून ग्रहण पाहायचे. इतवारीत हातगाडीवर जुन्या फिल्मा विकायला आल्या होत्या. मुलाच्या काकूनं एक आणली. सगळ्यांनी तिच्यातून सूर्य पाहिला, आणि काकूनं कोपऱ्यातली पांढरी अक्षरं वाचली. माझ्या मुलीचं नाव, तिच्या बापाचं नाव, आडनाव.

दुसऱ्या दिवशी मुलाची आई ती फिल्म पदराखाली घेऊन आली.

"जाऊबाईनं साऱ्या गच्चीत वाचून दाखवलं. म्हणते, छातीचा फोटो कोणी हौसेनं काढते का? पोरगाबी तिथंच होता, खाली मान घालून."

"तुम्हाले तर म्या पहिलेच सांगितलं होतं न जी?"

"आम्हाले माहीत होतं. पण आता सगळ्याइले माहीत झालं."

"म्हणजे परवा चांगली होती आन् आज बिमार झाली माही पोरगी?"

ती रडायला लागली. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. स्थळ मोडलं.

फिल्म घेऊन मी इतवारीत त्या हातगाडीवाल्या भंगारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "दवाखान्यातून आम्ही चांदीसाठी घेतो, बाई. सोड्याच्या गरम पाण्यात टाकली का काळं सारं सुटते, नावगाव सारं जाते. चांदी वेगळी, फिल्म काचेसारखी साफ."

"मंग ही काहून नाही धुतली?"

"साफ फिल्ममधून गिरान पाहता येते का?"

तिथून तडक रामदासपेठ. डॉक्टर म्हणाला, "अहो, जुन्या फिल्मा सगळेच विकतात. जागा किती अडते! धुऊन टाक असं त्याला सांगितलं होतं आम्ही. आणि नाव कोण वाचत बसतं?"

"जिथं माही पोरगी नांदाले जाणार होती, त्याइनं वाचलं. चांदीचा भाव तुम्हाले समजते, आन् नावाचा कोपरा कापाले तुमच्याजवळ कैची नाही?"

"हळू बोला बाई, बाहेर पेशंट बसलेत."

"बसू द्या. त्याइचेबी फोटो तुमच्याचजवळ आहेत न?"

मी मुद्दाम दारात उभी राहून बोलत होते. बाकावरची एक बाई उठली आणि कंपाउंडरला म्हणाली, "माहा फोटो द्या मले, आत्ताच्या आत्ता." तिच्यामागं आणखी दोघं उठले. डॉक्टरचं तोंड तेव्हा उतरलं, माझ्या मुलीसाठी नाही उतरलं.

घरी आले तर मुलगी कणीक मळत होती.

"माय, मास्तर होता गच्चीवर?"

"होता."

"काही बोलला?"

"नाही."

"मंग त्याच्यासाठी काहून भांडून राहिली वं तू?"

"त्याच्यासाठी कोण भांडते? तुह्या नावासाठी भांडून राहिली मी," मी म्हटलं.

तिनं कणकेचा गोळा झाकून ठेवला. पुन्हा स्थळ आलं तेव्हा मात्र तिनं मला बोलूच दिलं नाही. पाहुण्यांच्या पुढ्यात पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि त्यांच्या सगळ्या भाऊबंदांसमोर आपला आजार तिनं स्वतःच सांगितला.