कुसुमताईंच्या मशीनची पिन

बेसा रोडवर टाइल्सच्या दुकानाला लागून एक पत्र्याचं शेड आहे. त्याला पाटी नाही, पण त्या भागात कुणालाही विचारलं तर तो हात करून दाखवतो, ‘रंगारीकडे ना? ते काय.’ प्रेमानंद रंगारी पंचवीस वर्षांपासून तिथे लोखंडाला भोकं पाडतो. कारखाना बंद पडला तेव्हा फिटरची नोकरी गेली आणि हाताशी राहिली ती एक जुनी ड्रिल मशीन. तिच्यावर त्याने घर उभं केलं.

त्याचं नाव झालं ते कडक लोखंडामुळे. पाणी पाजलेलं लोखंड, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं, साध्या बिटला जुमानत नाही. बिटचंच टोक निळं पडून बोथट होतं. बांधकामावरचे मिस्त्री फेकून देतात ती भिंतीला भोकं पाडायची बिटं प्रेमानंद गोळा करायचा. त्यांच्या टोकाला कार्बाइडचा इवलासा तुकडा असतो. तो ग्राइंडरच्या हिरव्या दगडावर घासून त्याला वस्तऱ्यासारखी धार लावायची, ड्रिल अगदी हळू फिरवायचं आणि अंगाचा भार टाकून वाट पाहायची. नरखेडकडचे बागायतदार पंपात तुटून अडकलेले बोल्ट घेऊन एसटीने त्याच्याकडे यायचे. काम झालं की तो सुंब्याने, म्हणजे लोखंडाच्या टोकदार खिळ्याने, शेजारी दोन बारीक टिंबं ठोकायचा. ती त्याची सही.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले होते. प्रताप नगरातून मयुराचा फोन आला. मयुरा म्हणजे रसवंतीवाल्या कुसुमताईंची मुलगी. नवरा गेल्यापासून कुसुमताई कोपऱ्यावर उसाच्या रसाची गाडी चालवायच्या आणि कॉलेज नसलं की मयुरा मदतीला असायची.

“काका, लवकर या. आईचा हात मशीनमध्ये गेला.”

प्रेमानंदने ड्रिल, बॅटरी आणि बिटांचा डबा गाडीला अडकवला. पोचला तेव्हा गर्दी जमली होती आणि अँब्युलन्सही येऊन उभी होती. कुसुमताई मशीनला टेकून उभ्या होत्या. उजवा हात बोटांच्या मुळापर्यंत दोन रोलरच्या मध्ये. झटापटीत फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे उसाच्या चोथ्यात पडले होते. चेहरा पांढराफटक, पण आवाज रोजचाच.

“मयुरा, बर्फ वितळून राहिला वं. पोतं टाक त्याच्यावर,” त्या म्हणाल्या.

प्रेमानंदने ड्रिल खाली ठेवलं आणि मशीनला एक चक्कर मारली.

अँब्युलन्समधली तरुण डॉक्टर, श्वेता तिचं नाव, इंजेक्शन देऊन कुसुमताईंचा दंड धरून उभी होती. मयुराने बटण लगेच बंद केलं होतं. पण तोवर हात ओढला गेला होता आणि गिअरचा एक दात मोडून दुसऱ्या दातांत पाचरीसारखा रुतला होता. रोलर ना पुढे फिरत होते ना मागे. वरचा रोलर उचलावा, तर त्याचे बोल्ट कुणीतरी कधीचे वेल्डिंग करून टाकलेले. गॅस कटरचं नाव काढताच डॉक्टर म्हणाली, “नाही. रोलर तापला तर हात आतच भाजेल.” ग्राइंडरची चकती त्या सांदीत शिरत नव्हती.

“गिअर शाफ्टपासून सोडवला की रोलर मोकळा होईल,” प्रेमानंद म्हणाला. “गिअर शाफ्टले जोडणारी एक पिन राहते. ते काढतो.”

तो गिअरशी वाकला, हाताने ग्रीस पुसलं, आणि तिथेच थांबला. पिनेच्या शेजारी दोन बारीक टिंबं होती.

मागच्या उन्हाळ्यात कुसुमताई शेडवर आल्या होत्या. उसाचं कांडं जाड आलं की मशीनची पिन तुटायची, महिन्यात तिसऱ्यांदा तुटली होती. “एकदा अशी बसव गा प्रेमानंद, का तुटलीच नाही पायजे,” त्या म्हणाल्या होत्या. त्याने ट्रकच्या गिअरबॉक्समधली पाणी पाजलेली दांडी कापून, घासून पिन बनवली आणि ठोकून बसवली. वर फुशारकीने म्हणाला, “आता मशीन मोडंल ताई, पिन नाही तुटणार.”

मशीन मोडली होती. पिन तशीच होती.

त्या पिनेकडे पाहता पाहता त्याला सगळं कळलं. मशीन बनवणाऱ्याने तिथे मऊ लोखंड घातलं होतं ते पैसे वाचवायला नव्हे. ती पिन तुटण्यासाठीच होती. काही अडकलं की पहिल्यांदा तिने तुटायचं आणि रोलर जागच्या जागी थांबायचे. जुनी पिन असती तर कदाचित बोटांच्या टोकांवर निभावलं असतं. लोखंड किती कडक आहे हे नुसतं बोट फिरवून सांगणाऱ्या माणसाने, हे मऊ काहून ठेवलं असेल, एवढं एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

गर्दीचा आवाज लांबून आल्यासारखा वाटू लागला.

“काका!” मयुरा ओरडली. “काहून थांबले?”

त्याने बिट लावलं. पहिलं बिट टेकताच वाकडा दाब पडला आणि टोक उडालं. दुसरं लावताना ते ड्रिलच्या तोंडात जाईना.

“घाई नको करू गा,” कुसुमताई म्हणाल्या. त्याला धीर त्या देत होत्या. त्याला वर पाहवलं नाही.

तो गुडघ्यावर बसला, कोपर मशीनच्या सांगाड्याला टेकवला आणि ड्रिल हळू सुरू केलं. पिनेने किर्र आवाज केला. दाबलं की धक्का रोलरमधून थेट त्यांच्या हातात जायचा आणि त्या कण्हायच्या. सोडलं की बिट नुसतं घासायचं. प्रत्येक कण्हण्यावर त्याचा हात सैल व्हायचा आणि डॉक्टर म्हणायची, “थांबू नका.” कुणीतरी वरून पाण्याची बाटली धरली. करड्या रंगाची पूड पाण्याबरोबर गळू लागली. इतकं कडक लोखंड आपण आपल्या हाताने निवडलं, हे त्याला त्या पुडीत दिसत होतं.

दुसरं बिट बोथट झालं. तिसरं, शेवटचं, अर्ध्या बोटाएवढं आत गेल्यावर ‘टक’ आवाज आला. पिनेचं कवच काचेसारखं तडकलं होतं. त्याने सुंबा लावून हातोडीचे घाव घातले. तुकडे बाहेर पडले, गिअर शाफ्टवर सुटा झाला. मयुराने आणि एका रिक्षावाल्याने रोलर हाताने उलटा फिरवला. हात बाहेर आला. प्रेमानंदने तो पाहिला आणि मान फिरवली.

अँब्युलन्स गेली. तो फुटपाथवरच बसून राहिला. लोक येऊन पाठ थोपटू लागले. “तुमी होते म्हणून ताई वाचल्या.” एकाने सगळं मोबाइलवर घेतलं होतं, तो दाखवायला आला. प्रेमानंद उठला, न पाहताच बिटांचा डबा उचलला आणि गाडीकडे गेला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ घरी पोचला होता. बायको मेघाने तो दोनदा पाहिला. तिचे डोळे भरून आले होते. “जेव ना गा, सकाळपासून उपाशी आहेस.”

“ते पिन मीच बसवली होती,” तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

मेघाने मोबाइल पालथा ठेवला. मग तिने विचारलं, “कुसुमताईले माहीत आहे?”

“नाही.”

“मंग तो व्हिडिओ त्याईच्यापर्यंत जाच्या आधी तू सांग.”

दोन दिवसांनी तो दवाखान्यात गेला. दोन बोटं काढावी लागली होती, अंगठा आणि बाकीची वाचली होती. त्याने खुर्चीवर न बसता, उभ्यानेच सांगितलं. कुसुमताई पंख्याकडे पाहत ऐकत राहिल्या.

“म्याच म्हटलं होतं तशी बसवाले,” त्या म्हणाल्या.

“तुमी म्हटलं ताई, पण समजाले मले पायजे होतं.”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. “आज जाय तू.”

तो गेला. शेड आठवडाभर बंद होतं. ड्रिलला हात लावला की ते कण्हणं ऐकू यायचं. आठव्या दिवशी कुसुमताईंचाच फोन आला.

“तशा पिना अजून किती मशीनमंधी बसवल्या तू?”

त्याला उत्तर तोंडपाठ होतं. आठवडाभर तेवढंच तर तो मोजत होता. “सात.”

“मंग घरी काहून बसून राहिला?”

दुसऱ्या दिवसापासून तो निघाला. बिटांना धार लावायची, एकेक रसवंती गाठायची, आपलीच पिन कोरून काढायची आणि मऊ लोखंडाची बसवायची. कुणी चहा पाजला, कुणी धंद्याच्या वेळी आला म्हणून चिडलं. सहा झाल्या. सातवे भैय्याजी, बस स्टॉपजवळचे. त्यांनी हातच लावू दिला नाही.

“वर्षभरात एकदा नाही तुटली माही पिन. रोज तुटणारी लावून देतं का? चल, गिऱ्हाईक आहे.”

तो पुन्हा गेला, पुन्हा परतला. तिसऱ्या वेळी कुसुमताई म्हणाल्या, “मी येतो.” हाताचं बँडेज नुकतंच सुटलं होतं.

भैय्याजी ऊस रोलरमध्ये सारत होते. कुसुमताई पुढे झाल्या. पदरातून उजवा हात काढला आणि ग्लासांच्या शेजारी, पत्र्यावर ठेवला. रस प्यायला आलेल्या दोघी जणी बोलता बोलता थांबल्या. भैय्याजी त्या हाताकडे पाहत राहिले. मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, ऊस खाली ठेवला आणि बटण बंद केलं.

“किती वेळ लागंल गा?” त्यांनी विचारलं.

“वीस मिनिटं,” प्रेमानंद म्हणाला, आणि गिअरशी बसला.