बडोद्याचा पहिला नंबर

बडोद्यात मकरपुऱ्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात सुनेत्रा खानविलकर कामगार कल्याण अधिकारी होती. एकोणीस वर्षं झाली होती तिला तिथे. कुणाची रजा अडली, कुणाचं साहेबाशी वाजलं, कुणाच्या मुलीला शाळेत प्रवेश मिळेना, सगळं तिच्या टेबलाशी यायचं. मराठी कामगार तिला बाई म्हणत, गुजराती सुनेत्राबेन. बेनला सांगितलं की काम होतं, असं लोक बोलत, आणि ते ऐकायला तिला फार आवडायचं.

२००१ साली एका स्वीडिश कंपनीने कारखाना विकत घेतला. माणसं कमी झाली, काम वाढलं, विभागांवर नवे तरुण साहेब आले. तीन वर्षांनी मुख्य कचेरीतून एक प्रश्नावली आली. स्वीडन, पोलंड, ब्राझील, मलेशिया आणि बडोदे, पाचही कारखान्यांना एकच. कामाचा मनावर किती ताण येतो, हे कंपनीला जाणून घ्यायचं होतं. साहेबाची भीती वाटते का? चारचौघांत अपमान होतो का? झोप नीट लागते का? प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकडे, त्यातल्या एकावर खूण करायची.

सुनेत्राने प्रश्नांचं गुजराती केलं, मराठी केलं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये उभी राहून तिने सगळ्यांना सांगितलं, "नाव लिहायचं नाही. तुमची उत्तरं इथे कुणी बघणार नाही. माझा शब्द आहे."

तिच्या शब्दावर लोकांनी खरं लिहिलं. एकशे सतरा फॉर्म आले. कारखान्याचे मुख्य साहेब पीयूषभाईंनी ते मागवून घेतले, वरवर चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

"सुनेत्राबेन, हे असं बाहेर गेलं तर आपली काय आबरू राहील? या लोकांना आकडेच समजलेले नाहीत. जे फारच खराब आहेत ना, दहा-वीस, ते जरा सुधारी नाखो, सुधारून टाका."

ती नाही म्हणाली नाही. नुकतीच तिला बढती मिळाली होती. आणि खरं सांगायचं तर ते फॉर्म वाचून तिला स्वतःलाच लागलं होतं. एकोणीस वर्षं आपण यांचं कल्याण बघतोय, आणि हे असं लिहितात?

तीन दुपारी ती रेकॉर्डच्या खोलीत कोरे फॉर्म घेऊन बसली. आधी, ज्यांनी उलटसुलट खुणा केल्या होत्या तेवढेच बदलले. मग जे जास्तच कडवट वाटले ते. मग हात सरावला. पीयूषभाईंनी दहा-वीस म्हटलं होतं, तिने एकाहत्तर बदलले.

मराठी फॉर्म सातच होते. त्यातल्या एकाच्या मागे शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं होतं: "नवीन साहेब रोज सर्वांसमोर म्हातारा म्हणतात. सकाळी गेटापाशी आलो की हात कापू लागतात. वाइंडिंगचे काम बारीक आहे, कापत्या हाताने होत नाही. मला दुसरा विभाग द्यावा. बाई वाचतील म्हणून लिहिले."

अक्षर पिलाजीराव सुर्व्यांचं होतं. चोवीस वर्षं तांब्याची तार गुंडाळणारा माणूस, कधी मोठ्याने बोललेला तिला आठवत नव्हता. विभाग बदलून द्यायचा तर साहेबाला कारण सांगावं लागणार, कारण सांगितलं की फॉर्म वाचल्याचं उघड होणार. पुढे बघू, असं म्हणून तिने त्यांचाही नवा फॉर्म भरला.

पाच कारखान्यांत बडोद्याचा पहिला नंबर आला. कसं केलंत ते सांगायला या, म्हणून सुनेत्राला स्वीडनला बोलावलं. ती पहिल्यांदाच विमानात बसली.

सभेत ब्राझीलची लुसिया नावाची बाई तिच्या शेजारी होती. चहाच्या वेळी ती म्हणाली, "आमचे गुण सगळ्यांत वाईट. निम्म्या लोकांनी लिहिलं, साहेबाची भीती वाटते. आता कंपनी एक साहेब बदलतेय, दोन समुपदेशक देतेय. पण तुमच्याकडे कुणालाच भीती वाटत नाही? ते कसं?"

"आमच्याकडे घरासारखं वातावरण असतं," सुनेत्रा म्हणाली.

लुसियाने ते वहीत लिहून घेतलं. ते लिहिणं बघताना सुनेत्राचे कान तापले. नंतर पडद्यावर कुठल्या कारखान्याला काय मदत मिळणार ते दाखवलं. बडोद्यापुढे लिहिलं होतं: गरज नाही.

ती परतली तेव्हा टेबलावर पिलाजीरावांचा राजीनामा होता. कारण, घरगुती. निवृत्तीला पाच वर्षं बाकी होती.

रविवारी ती बडोद्याच्या वाडी भागातल्या त्यांच्या घरी गेली. पिलाजीराव लगबगीने उठले, खुर्ची पुसून दिली. त्यांची बायको दुर्गा चहा टाकायला आत गेली.

"बाई, एक विचारू?" ते म्हणाले. "मी लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल ना? काही झालं नाही, तेव्हा मला वाटलं, बाईंना ते खोटं वाटलं असणार."

एवढं ऐकल्यावर तिला गप्प बसवेना. "वाचलं, पिलाजीराव. खरंही वाटलं. पण मी ते पाठवलं नाही. तुमच्या जागी दुसरा फॉर्म मीच भरला."

पिलाजीरावांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "काय लिहिलंत माझं?"

"साहेब समजून घेतात, असं. आणि... झोप चांगली लागते."

पिलाजीरावांनी आत तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? मला झोप चांगली लागते म्हणे."

दुर्गा कप घेऊन दारात उभी होती. तिने तो सुनेत्रासमोर ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "घ्या, निवेल." सुनेत्राने तो कढत चहा तसाच घशाखाली घातला. पायऱ्या उतरताना तिला वर बघण्याची हिंमत झाली नाही.

त्याच आठवड्यात तिने मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. 'वरिष्ठांच्या सांगण्यावरून काही फॉर्म बदलले गेले.' 'काही' खोडून तिने 'एकाहत्तर' लिहिलं, मग ते खोडून पुन्हा 'काही' लिहिलं, आणि पत्र पाठवून दिलं.

मुख्य कचेरीने अहमदाबादहून माणसं पाठवली, त्यांनी सगळ्यांना नव्याने फॉर्म दिले. या वेळी बडोदे शेवटून पहिलं आलं. वाइंडिंगचा साहेब बदलला, आठवड्यातून एकदा समुपदेशक यायला लागली. पीयूषभाईंची पुण्याला बदली झाली. सुनेत्राला स्टोअरमध्ये बसवलं, नोकरी गेली नाही. पिलाजीरावांना परत बोलावलं, ते गेले नाहीत. वाडीतच पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात ते बसू लागले.

कारखान्यातले लोक म्हणत, बेनने हिंमत केली. तिचा नवरा सलील त्यांच्या अकोटा भागातल्या शेजाऱ्यांना कौतुकाने सांगे, "साहेबाने जबरदस्तीने करायला लावलं, पण हिनेच सगळं उघड केलं."

सुनेत्रा तेव्हा उठून आत जायची. साहेबाने किती सांगितले होते आणि तिने किती बदलले, ते सलीलला माहीत नव्हतं. एकदोनदा ती सांगायला बसलीही. पण त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघितला, की जेवायला काय करू, एवढंच विचारायची.